समतोलाची किंमत : एका व्यंगचित्राच्या अर्थनिर्णयनातील नैतिक प्रश्न

राजकीय व्यंगचित्राचा अर्थ लावणे म्हणजे त्यातील प्राणी आणि व्यक्ती ओळखणे, असा एक समज आपल्या अभ्यासव्यवहारात रूढ झाला आहे. सिंह म्हणजे इंग्लंड, अस्वल म्हणजे रशिया, मधला दाढीवाला म्हणजे अमुक अमीर. कोडे सुटले की वाचन संपले. ही ओळखपरेड अनावश्यक नाही. परंतु अर्थनिर्णयनाला प्रारंभ होतो तो तिच्यानंतर. आणि चित्र जर परकीय लष्करी हस्तक्षेपावरचे असेल, तर तिच्यानंतर एक नैतिक प्रश्नही उभा राहतो : चित्र ज्या कृतीचा उपहास करते त्या कृतीशी चित्र पाहणाऱ्याचे नाते कोणते? तो केवळ प्रेक्षक असतो, की चित्राच्या चौकटीबाहेर उभा असल्याचा त्याचा आव हाच चित्राच्या परिणामाचा एक भाग असतो?

या प्रश्नाच्या विवेचनासाठी एक प्रसिद्ध चित्र उपयोगी पडते. लंडनच्या 'पंच' साप्ताहिकाच्या ३० नोव्हेंबर १८७८ च्या अंकात जॉन टेनिएल यांचे एक पानभर चित्र प्रसिद्ध झाले. मध्ये अफगाणिस्तानचा अमीर शेर अली उभा आहे. त्याच्या एका बाजूस रशियाचे अस्वल आणि दुसऱ्या बाजूस ब्रिटनचा सिंह. दोघांचेही डोळे अमीरावर खिळलेले. खाली चित्रओळ : माझ्या मित्रांपासून मला वाचवा. मध्य आशियातील साम्राज्यस्पर्धेविषयी लिहिणाऱ्या ग्रंथांतून हे चित्र इतक्या वेळा पुनर्मुद्रित झाले आहे, की त्या स्पर्धेचे ते जणू अधिकृत बोधचिन्ह ठरले आहे. साम्राज्यशाहीच्या मायभूमीतील एका नियतकालिकाने साम्राज्यशाहीची केलेली थट्टा, अशीच त्याची ख्याती आहे. ही ख्याती अगदीच निराधार नाही. चित्रात माणूस एकच आहे, आणि तो अफगाण आहे. महासत्ता जनावरांच्या रूपात आल्या आहेत.

तथापि, चित्राची तारीख लक्षात घेतली की वाचन अडखळते. हिंदुस्थान सरकारने शेर अलीला दिलेल्या निर्वाणीच्या खलित्याची मुदत २० नोव्हेंबरला संपली आणि २१ नोव्हेंबर १८७८ रोजी फौजा सरहद्द ओलांडून आत शिरल्या. म्हणजे चित्र वाचकाच्या हाती पडले तेव्हा सिंहाने झडप घातलेली होती. चित्रात मात्र तो अजून नुसता पाहतो आहे. अस्वलाने काय केले होते? जुलै १८७८ मध्ये एक रशियन शिष्टमंडळ अमीराच्या इच्छेविरुद्ध काबूलला येऊन दाखल झाले होते. त्याचे निमित्त करून लॉर्ड लिटन यांनी आपलेही शिष्टमंडळ स्वीकारण्याचा आग्रह धरला; ते सप्टेंबरमध्ये अली मशीद येथे अडवण्यात आले, आणि त्या 'अपमाना'तून युद्ध निघाले. एका बाजूला शिष्टमंडळ आणि दुसऱ्या बाजूला आक्रमण. चित्रातील तराजूत या दोन गोष्टींचे वजन अगदी सारखे भरते.

येथे एक आक्षेप संभवतो. साप्ताहिकाचे चित्र प्रसिद्धीच्या दिवशी सुचत नाही. 'पंच'मधील मोठ्या चित्राचा विषय संपादक मंडळाच्या साप्ताहिक भोजनबैठकीत ठरत असे. मग ते लाकडी ठोकळ्यावर रेखले जाई, कोरले जाई, छापले जाई. विषय ठरला तेव्हा युद्धाला तोंड लागले नसणे सहज शक्य आहे. मग टेनिएल यांना दोष कसा द्यावा? दोष देण्याचे कारणच नाही. चित्रकाराचा हेतू शुद्ध असणे आणि चित्राचा अर्थ सदोष असणे या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. त्यातून हा हेतू एकट्याचा नव्हे, एका टेबलाभोवती बसलेल्या मंडळींचा. चित्राने कोणते विधान केले हे ठरते ते चित्र वाचले गेले त्या परिस्थितीत. आणि त्या परिस्थितीत 'दोघेही सारखेच' हे विधान, ज्याने प्रत्यक्ष पाऊल टाकले होते त्याला सोयीचे होते.

मर्ढेकरांनी सौंदर्याच्या संदर्भात संवादलय, विरोधलय आणि समतोललय असे तीन प्रकार सांगितले. टेनिएल यांची रचना समतोललयीचे नमुनेदार उदाहरण म्हणून कोणत्याही वर्गात दाखवता येईल : मध्ये एक उभी मानवाकृती, दोन्ही बाजूंस भारी, केसाळ, जवळजवळ तुल्यबल आकृत्या. आकृतिवादी समीक्षेने येथे थांबून समाधान मानले असते. परंतु व्यंगचित्राच्या बाबतीत असे थांबता येत नाही, कारण येथे समतोल हा आशयाचा केवळ पोशाख नाही. तोच आरोपपत्र आहे. दोन आकृत्यांना सारखी जागा देणे म्हणजे त्यांना सारखा दोष देणे. रा. भा. पाटणकरांनी साहित्याच्या संदर्भात अलौकिकतावादी आणि लौकिकतावादी अशी दोन टोके कल्पून त्यांच्यातील ताण मांडला. व्यंगचित्रात तो ताण फार काळ टिकत नाही. त्याची रेषा लौकिकाकडे इतकी झुकलेली असते की रचनेचा प्रत्येक निर्णय तत्क्षणी न्यायनिवाड्याचे रूप घेतो. वसंत सरवटे यांनी व्यंगचित्र ही स्वतंत्र भाषा असल्याचे मराठी वाचकाला पटवून दिले, आणि देशोदेशींच्या रेषालेखकांचा परिचयही करून दिला. भाषा म्हटली की तिच्यात खोटे बोलता येते, हेही त्याबरोबर मान्य करावे लागते. आणि असे खोटे पुष्कळदा एकही असत्य रेषा न ओढता बोलता येते.

चित्रओळीचा मराठी अनुवाद करताना हा प्रश्न अधिक टोकदार होतो. इंग्रजी आज्ञार्थ कोणाला उद्देशून आहे ते सांगत नाही. मराठीला ते सांगावे लागते. 'मला वाचव' म्हटले तर ती परमेश्वराची करुणा आहे. 'मला वाचवा' म्हटले तर ती माणसांना घातलेली हाक आहे. मूळ वचन देवाला उद्देशून आहे, शत्रूचे मी पाहून घेईन, मित्रांपासून तू राख, अशा धाटणीचे. पण साप्ताहिकाच्या पानावर उभा असलेला अमीर समोर पाहणाऱ्याशीच बोलतो. समोर कोण आहे? लंडनचा वाचक. म्हणजे सिंहाच्या तोंडी जाणारा माणूस सिंहाच्याच आप्तांकडे अभय मागतो आहे. हा विपर्यास चित्राने योजलेला असो वा नसो, त्याचा परिणाम स्पष्ट आहे. वाचकाला तारणहाराची जागा मिळते, आणि ती जागा स्वीकारताना तो सिंहापासून सुटा होतो. सिंह म्हणजे सरकार, आपण म्हणजे सहृदय जनता! शिवाय शेर अलीच्या वाट्याला ही एकच ओळ आली आहे. १८६९ मध्ये अंबाल्याला येऊन लॉर्ड मेयो यांच्याशी बोलणी करणारा, १८७३ मध्ये रशियाविरुद्ध निश्चित हमी मागणारा आणि ती न मिळाल्याने दुरावलेला मुत्सद्दी या चित्रात नाही. त्याला माणूसपण दिले आहे, पण ते केवळ अगतिकतेच्या बोलीवर. काबूल सोडून उत्तरेकडे गेलेला शेर अली २१ फेब्रुवारी १८७९ रोजी मझार-ए-शरीफ येथे मरण पावला.

'मित्र' या शब्दाचा मराठी कानाला येणारा अर्थ तर आणखी निराळा. मराठी राजकारणाने परकीय फौजेची मैत्री तैनाती फौजेच्या रूपात अनुभवली आहे. १८०२ च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने जी फौज मदतीला घेतली तिचा शेवट १८१८ मध्ये काय झाला हे सांगण्याची गरज नाही. त्याच वर्षी खानदेश इंग्रजी अंमलाखाली आला. पुढे भिल्लांचे उठाव आवरण्यासाठी १८२५ मध्ये भिल्लांचीच एक पलटण उभारण्यात आली. तिचे ठाणे धरणगावला, आणि उभारणारा अधिकारी जेम्स आउट्रम. हाच आउट्रम १८३९ मध्ये सर जॉन कीन यांच्या मुंबईच्या फौजेबरोबर अफगाणिस्तानात गेला आणि पदच्युत अमीर दोस्त महंमद याचा पाठलाग करणाऱ्या तुकडीचे नेतृत्व त्याने केले. दोस्त महंमद हा शेर अलीचा पिता. टेनिएल यांच्या चित्रातील सिंहाच्या पावलांचे ठसे खानदेशातून जातात, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती फारशी नाही.

परंतु त्या सिंहाच्या कातड्याआत कोण होते? हा या चित्राविषयीचा कळीचा प्रश्न आहे, आणि आजवरच्या ओळखपरेडीत तो विचारला जात नाही. टेनिएल यांनीच २२ ऑगस्ट १८५७ च्या अंकात हिंदुस्थानला बंगालच्या वाघाचे रूप दिले होते. ब्रिटिश सिंह सूड घेण्यासाठी त्याच्यावर झेपावतो आहे, असे ते चित्र. एकवीस वर्षांनंतरच्या चित्रात वाघ कोठेच नाही. वाघ मेला नाही, अदृश्यही झाला नाही. तो सिंहात सामावला गेला. अफगाणिस्तानात शिरलेल्या फौजेत हिंदी शिपायांचे प्रमाण मोठे होते. २७ जुलै १८८० रोजी मैवंद येथे सुमारे अडीच हजारांच्या ब्रिगेडचा जो दारुण पराभव झाला, तीत मुंबई सैन्याच्या पहिल्या ग्रेनेडियर आणि तिसाव्या जेकब रायफल्स या पलटणी होत्या. जवळजवळ एक हजार माणसे पडली. त्या लढाईत खर्ची पडलेल्या सहासष्टाव्या गोऱ्या पलटणीचे स्मारक इंग्लंडमधील रेडिंग शहरात १८८६ मध्ये उभारण्यात आले. ते स्मारक म्हणजे एक प्रचंड सिंह. त्याच्या चौथऱ्यावर बर्कशायरच्या पलटणीची नावे आहेत, मुंबईच्या पलटणींची नाहीत.

जी गोष्ट रक्ताची तीच पैशाची. १८५८ च्या कायद्यातील एका कलमान्वये हिंदुस्थानच्या सरहद्दीपलीकडील लष्करी मोहिमेचा खर्च हिंदी महसुलातून करण्यास पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांची संमती आवश्यक होती. डिसेंबर १८७८ मध्ये ती देण्यात आली. पुढे ब्रिटिश तिजोरीने पन्नास लक्ष पौंडांचा वाटा उचलला. उरलेला, आणि अधिक मोठा, भार हिंदी रयतेवर पडला. ही रयत १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळातून नुकतीच बाहेर पडत होती. दुष्काळनिवारणाच्या नावाने बसवलेल्या नव्या करांचा पैसा युद्धाकडे वळवला, हा आक्षेप त्याच काळी घेतला गेला. अफगाण युद्धांच्या खर्चात इंग्लंडने न्याय्य वाटा उचलावा, हे दादाभाई नौरोजी पुढे अनेक वर्षे मांडत राहिले. आणि याच १८७८ च्या मार्चमध्ये लिटन यांनी देशी भाषांतील वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदा आणला होता. लंडनच्या साप्ताहिकाला सिंहाची थट्टा करण्याची मोकळीक होती. ज्यांच्या करातून सिंहाचे पोट भरत होते त्यांच्या भाषेतील संपादकाच्या डोक्यावर मात्र जामिनाची आणि जप्तीची तलवार लटकत होती.

चित्रात जे नाही त्यावर इतके बोलणे म्हणजे अति-अर्थनिर्णयन नव्हे काय? उंबेर्तो एको यांच्या विवेचनानंतर हा आक्षेप गांभीर्याने घेतलाच पाहिजे. कोणत्याही चित्रात असंख्य गोष्टी नसतात. या चित्रात काबूलचा बाजार नाही, हिंदुकुश नाही, अमीराचा परिवार नाही. त्या सगळ्या अनुपस्थितींचा जाब चित्राला विचारणे हास्यास्पद ठरेल. म्हणून एक कसोटी सुचवता येईल. गैरहजर गोष्ट चित्रात परत ठेवून पाहावी. ती ठेवल्यावरही चित्राचे विधान पूर्ववत उभे राहिले, तर ती अनुपस्थिती निरर्थक. विधान कोसळले, तर मात्र चित्र त्या अनुपस्थितीवरच उभे होते. काबूलचा बाजार काढला तर 'माझ्या मित्रांपासून मला वाचवा' हे जसेच्या तसे राहते. सिंहाच्या कातड्याआड ग्रेनेडियर पलटणीचा शिपाई आणि दुष्काळातून उठलेला करदाता दाखवा. 'मित्र' या शब्दाची थट्टा तिथल्या तिथे थिजते. जो स्वतः सिंहाच्या मैत्रीत सापडला आहे तोच शेजाऱ्यावर सोडला गेला आहे, आणि समतोल मोडतो.

रोलाँ बार्थ यांनी १९५७ मध्ये 'पारी-माच'च्या मुखपृष्ठावरील छायाचित्राचे जे विश्लेषण केले, त्याच्याशी तुलना केली असता फरक ध्यानात येतो. तेथे फ्रेंच गणवेशातील कृष्णवर्णीय तरुण सलाम ठोकताना दाखवला आहे. वसाहतीतील शिपायाला समोर आणून साम्राज्य स्वतःचे समर्थन करते. 'पंच'मध्ये त्याला लपवून साम्राज्य स्वतःची थट्टा करते. थट्टा ही समर्थनापेक्षा सुसंस्कृत खरी, परंतु शिपायाच्या दृष्टीने पाहिले तर दोन्ही ठिकाणी त्याला स्वतःचे म्हणणे नाही.

मात्र त्या शिपायाला निव्वळ बळी ठरवून मोकळे होणे हीदेखील एक सोयच आहे. मुंबई सैन्यात महार शिपायांची परंपरा मोठी होती. ही भरती बंद झाली तेव्हा पेन्शनर गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये पूर्वजांच्या लष्करी सेवेचा दाखला देऊन ती पुन्हा सुरू करावी असा अर्ज तयार केला. गावगाड्याने जे नाकारले ते पलटणीने दिले होते : पगार, शाळा, पेन्शन, ताठ मानेने चालण्याचा हक्क. धरणगावच्या भिल्ल पलटणीविषयीही काही प्रमाणात हेच म्हणता येईल. सिंहाच्या कातड्यात शिरणे ही कोणासाठी अगतिकता होती, कोणासाठी मुक्ती. राष्ट्रवादी वाचनाला हे अवघड जाते, आणि अवघड जाते म्हणून ते बहुधा टाळले जाते.

हे अवघडलेपण केवळ इतिहासजमा नाही. जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथे १९६२ च्या युद्धानंतरच्या लष्करी सज्जतेच्या काळात काडतुसांचा सरकारी कारखाना उभा राहिला. जवळच भुसावळला दारूगोळ्याच्या पेट्या आणि डबे करणारा दुसरा कारखाना आहे. भारतीय सैन्याच्या रायफलींसाठी ७.६२ मिलिमीटरची आणि पुढे ५.५६ मिलिमीटरची काडतुसे वरणगावात तयार झाली. काडतुसाच्या बुडावर 'ओएफव्ही' ही अक्षरे आणि उत्पादनाचे वर्ष ठोकलेले असते. टेनिएल यांची मुद्राक्षरे चित्राच्या कोपऱ्यात असत तशीच ही एक सही. फरक इतकाच की ती करणाऱ्या कामगाराचे नाव तीत नाही. या गावातला वाचक शेर अलीचे चित्र उघडतो तेव्हा तो कोठे उभा असतो? अमीराच्या जागी, असे उत्तर वसाहतीच्या इतिहासाने त्याच्या ओठांवर ठेवलेले आहे. परंतु १९८७ नंतर ते उत्तर इतक्या सहजपणे देता येत नाही.

२९ जुलै १९८७ च्या करारान्वये भारतीय फौज शांतिसेना म्हणून श्रीलंकेत गेली. ऑक्टोबरपासून, जिच्या लोकांच्या रक्षणासाठी ती गेली होती त्याच भूमीवर, तिची तमिळ वाघांशी लढाई जुंपली. त्याच महिन्यात जाफना रुग्णालयात डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण मारले गेले. दक्षिणेत सिंहली तरुणांचे बंड तिच्या उपस्थितीवरच पोसले गेले. १९८९ मध्ये अध्यक्ष प्रेमदासा यांनी तिला निघून जाण्यास सांगितले आणि मार्च १९९० मध्ये अखेरची तुकडी परतली. सुमारे बाराशे भारतीय सैनिक तेथे मृत्यू पावले. त्यांत आठव्या महार बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन होते. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. 'माझ्या मित्रांपासून मला वाचवा' ही ओळ त्या तीन वर्षांत जाफन्यातील तमिळाच्या तोंडी शोभली असती, आणि कोलंबोतील सिंहलीच्याही.

म्हणून १८७८ आणि १९८७ एकच, असे म्हणावे काय? येथे अर्थनिर्णायकाने सावध राहिले पाहिजे, कारण अशी तुलना करताना तो टेनिएल यांचीच चूक करतो. दोन असमान आकृत्यांना समोरासमोर बसवून तो एक नवा समतोल रचतो. श्रीलंकेतील फौज तेथील सरकारशी झालेल्या लेखी कराराने गेली. अफगाणिस्तानातील फौज निर्वाणीच्या खलित्याने. एका ठिकाणी पाठवणारे सरकार मतदारांना उत्तरदायी होते, दुसऱ्या ठिकाणी करदात्याला मतच नव्हते. १९७१ मध्ये सुमारे एक कोटी निर्वासित सीमा ओलांडून आल्यानंतर जो हस्तक्षेप झाला, त्याला तिसरेच माप लावावे लागेल. हे भेद पुसून 'सगळे हस्तक्षेप सारखे' असे म्हणणारे चित्र, मग ते कितीही शांततावादी असो, न्यायाच्या दृष्टीने आळशी असते.

कार्ल यास्पर्स यांनी १९४६ मध्ये जर्मन अपराधाची मीमांसा करताना राजकीय दायित्व आणि नैतिक अपराध यांच्यात जो भेद केला तो येथे कामाचा आहे. आपल्या राज्याने केलेल्या कृतीचे दायित्व नागरिकावर येते, कारण ते राज्य त्याचे आहे. पण नैतिक अपराध प्रत्येकाच्या स्वतःच्या कृतीपुरता, त्याच्याच सदसद्विवेकासमोरचा. वरणगावच्या यंत्रावर पितळी पुंगळी घडवणारा कामगार जाफन्यातील कोणत्याही मृत्यूचा अपराधी नाही. नागरिक म्हणून त्या मोहिमेचे दायित्व मात्र त्याच्याकडे येते, आणि ते पुण्यामुंबईच्या प्राध्यापकाकडेही तेवढेच येते. कारखान्यापासूनचे अंतर त्यात एका पैचीही सूट देत नाही. व्यंगचित्र पाहून हसणाऱ्याला जी निर्दोष जागा हवी असते, ती येथे उपलब्ध नाही. याचा अर्थ त्याने हसू नये असा नाही. सिंहावर हसताना कातड्याच्या आतूनही हसू येऊ शकते. किंबहुना तेच अधिक जाणते हसू असेल.

यास्पर्स यांची विभागणी मात्र एका ठिकाणी अपुरी पडते. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुधनिर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या करण्यात आल्या. वरणगावचा कारखाना 'म्युनिशन्स इंडिया'कडे गेला, भुसावळचा 'यंत्र इंडिया'कडे. कामगार संघटनांचा या बदलाला विरोध होता. त्याच वर्षी झालेल्या कायद्याने संरक्षण उत्पादनातील संपावर बंदी घालण्यात आली. या कंपन्यांनी परदेशी ग्राहक मिळवावेत, निर्यात वाढवावी, हे नव्या धोरणाचे एक जाहीर उद्दिष्ट आहे. स्वतःच्या राज्याच्या युद्धाचे दायित्व नागरिकत्वातून येते, असे म्हटले तर दुसऱ्या राज्याने विकत घेतलेले आणि तिसऱ्याच देशात झाडले गेलेले काडतूस कोणाच्या खाती लिहायचे? तेथे हस्तक्षेप करणारे सरकार वरणगावच्या मतदाराचे नसेल, फौज त्याची नसेल, कदाचित त्या युद्धाचे नावही त्याला ठाऊक नसेल. पुंगळीच्या बुडावर मात्र त्याच्या गावाचे आद्याक्षर असेल.